विश्वस्त व्हायचंय? आधी दप्तर मागा

निपाणीच्या एका निवृत्त शिक्षिकांनी विचारलं आहे: "बेळगावजवळची एक प्राणी कल्याण संस्था मला विश्वस्त म्हणून या म्हणते आहे. तिथे मोठा गोठा आहे, जखमी कुत्र्यांसाठी शेड आहे. मला प्राण्यांची आवड आहे, आता वेळही आहे. कायद्यातलं मात्र काही कळत नाही. 'तुम्ही नुसतं नाव द्या' असं ते म्हणतात. हो म्हणावं का? पुढे काही अंगाशी येईल का?"

बाई, नुसतं नाव म्हणून काही नसतं. तुमचं नाव बँकेत जातं, आयकराच्या पोर्टलवर जातं, ट्रस्ट डीडच्या, म्हणजे संस्थेच्या स्थापनेच्या दस्ताच्या, दुरुस्तीपत्रात जातं, आणि उद्या नोटीस निघाली तर तिच्यावरही येतं. म्हणून नाव द्यायचं तर कामासकट द्या, नाहीतर गोड बोलून नको म्हणा. या भागातल्या अशा संस्थांच्या बैठकांना मी बरीच वर्षं बसतो आहे, त्यांचे हिशेबही पाहतो. भिडेखातर विश्वस्त झालेली माणसं सर्वांत जास्त गोत्यात येतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

प्राण्यांवर प्रेम करायला संस्थेत माणसं असतात. गोठ्यातला गडी असतो, कॉलेजची पोरं असतात, रात्री-बेरात्री खड्ड्यातून कुत्रं काढणारा एखादा वेडा प्रत्येक गावात असतोच. या सगळ्यांना 'आता जागा संपली' हे वेळेवर सांगणारं माणूस मात्र नसतं. विश्वस्ताचं खरं काम ते. तुम्हाला जखमेवर पट्टी बांधण्यात, वासराला बाटलीने दूध पाजण्यात समाधान वाटत असेल तर दर रविवारी जा आणि तेच करा. त्याला विश्वस्तपद लागत नाही, आणि त्या कामाची किंमतही काही कमी नाही.

जागा संपते कशी ते आपल्या भागात राहून नीट समजून घ्यायला हवं. कर्नाटकाचा 2020 चा गोहत्या बंदी कायदा जानेवारी 2021 पासून लागू झाला. गाय, बैल, वासरू यांची कत्तल पूर्ण बंद. म्हशीला 13 वर्षांनंतरच, तीही दाखला घेऊन. पलीकडे महाराष्ट्रात गाय आधीपासूनच बंद होती, 2015 पासून बैलही बंद आहे, म्हशीला मात्र बंदी नाही. गोव्याच्या बाजाराला मांस जात आलं ते बेळगावकडून. म्हणजे एका दिवसाच्या वाटेवर तीन राज्यं आणि तीन तऱ्हेचे नियम. नाक्यावर टेम्पो अडवला की जनावरं उतरवायची कुठे? जवळच्या गोशाळेत. आणि काम संपलेला बैल विकायची वाट अरुंद झाल्यामुळे शेतकरी काय करतो? पहाटे फाटकाच्या खांबाला दावं बांधून निघून जातो. त्याच्यावर डोळे वटारून उपयोग नाही. त्याच्याकडेही चारा नाही. कायद्याने जनावर वाचवलं, त्याच्या वैरणीची सोय मात्र कुणीच केली नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

रात्री दोनच्या सुमाराला असा टेम्पो येतो तेव्हा काय होतं ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्या अर्ध्या तासावर ठरतं. पोलिसाला घाई असते, गडी झोपेत असतो, जनावरं एकमेकांवर रेललेली असतात. पंचनाम्यात 14 लिहिलेली असतात आणि पायावर उतरतात 13. एक आतच मेलेलं असतं. गडी अंगठा किंवा सही देऊन मोकळा होतो. काही महिन्यांनी जनावरं सोडण्याचा आदेश घेऊन मालक येतो, 14 मागतो आणि म्हणतो, माझा बैल हा नव्हे. म्हणून सही करण्याआधी उजेडात एकेक जनावर उतरवायचं. रंग, शिंगं आत वळलेली की बाहेर, कपाळावर चांद आहे का, कुठला कान चिरलेला, कानात पिवळा बिल्ला असेल तर त्यावरचा 12 आकडी क्रमांक, जखमा, गाभण आहे का, हे सगळं लिहायचं. प्रत्येकाचा फोटो घ्यायचा. मेलेलं असेल तर पोचपावतीवर तसं लिहूनच सही करायची आणि शवविच्छेदनाची मागणी नोंदवायची. जप्त जनावरांच्या देखभालीचे केंद्राचे 2017 चे नियम आहेत. वाहतूक, औषधपाणी, चारा यांचा खर्च मालकाकडून वसूल करण्याची तरतूद त्यांत आहे. पण रोजचा हिशेब दाखवता आला तरच ती तरतूद कामाची. हा कागद गड्याने कसा भरायचा हे ठरवून देणं, तो भरला जातो का ते तपासणं, हे विश्वस्ताचं काम आहे. तुम्ही रात्री दोनला तिथे जायची गरज नाही.

आता वैरणीचा हिशेब. मोठ्या जनावराला रोज वजनाच्या अडीच ते तीन टक्के सुका आहार लागतो. 300 किलोच्या गाईला साधारण 8 किलो धरा. 60 जनावरं असतील तर दिवसाला 480 किलो, महिन्याला 14 टनांच्या वर. तुमच्या निपाणी-चिकोडी पट्ट्यात ऊसतोड चालू असेतो वाड्यांना, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांना, तोटा नसतो, देणगीदारही ट्रॅक्टर भरून आणून टाकतात आणि सगळ्यांना वाटतं की भागतंय. पण नुसत्या वाड्यांवर जनावर ठेवलं तर त्यातल्या ऑक्झलेट नावाच्या घटकामुळे अंगातलं कॅल्शियम घटतं; सोबत कडबा, खनिज मिश्रण, निदान चुन्याची निवळी द्यावी लागते. आणि मार्चनंतर कारखान्यांची धुराडी थंडावली की वाडेही संपतात. शाळूचा कडबा फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो तेव्हाच वर्षाची गंजी लावून ठेवली तर परवडतं. मे महिन्यात कडबा शोधत फिरणारी संस्था दिसली की समजावं, तिथल्या विश्वस्तांनी जानेवारीत बैठकच घेतलेली नाही. राज्य सरकारने 2022 मध्ये 'पुण्यकोटी दत्तू' योजना आणली, वर्षाला 11,000 रुपये देऊन गाय दत्तक घ्यायची. चांगली गोष्ट आहे. पण सुक्या चाऱ्याला किलोमागे पाच रुपये धरले तरी एका गाईचा वर्षाचा नुसता चाराच 14,600 रुपयांचा होतो. मजुरी, औषधं, वीज बाजूलाच.

म्हणून पहिल्याच बैठकीत ठराव मागा: आपल्याकडे छपराखाली किती मोठी जनावरं, किती वासरं, किती कुत्री राहतील? आकडा भरला की नवं जनावर घ्यायचं की नाही हे कोण ठरवणार? पोलिसांनी आणलं तर पुढच्या कोणत्या संस्थेला फोन करायचा? हा ठराव लिहून ठेवलेला असला की गड्याला आणि सचिवाला आधार मिळतो. 'ट्रस्टींचा ठराव आहे' म्हणून सांगता येतं, वाईटपणा तुमच्यावर येतो, आणि तो तिथेच यायला हवा. यावर कुणीतरी हमखास म्हणतं, "मग त्या जनावराने जायचं कुठे?" प्रश्न खरा आहे. पण 60 च्या जागेत 110 कोंबली तर नवी 50 वाचत नाहीत, जुनी 60 सुद्धा धोक्यात येतात. नोव्हेंबर 2025 मध्ये बेळगावजवळ भूतरामनहट्टीच्या प्राणिसंग्रहालयात घटसर्पाच्या साथीने तीसेक काळवीट दगावले. सरकारी देखरेख असलेल्या ठिकाणी हे होतं, तर आपल्या गोठ्याचं काय? 2022 च्या लम्पी त्वचारोगाच्या साथीवेळी नवी जनावरं वेगळी ठेवायला जागा नसलेल्या गोठ्यांचे काय हाल झाले ते या भागाला माहीत आहे. नव्या जनावराला निदान तीन आठवडे वेगळी जागा हवी. कुत्र्यांच्या शेडमध्ये तर ती हवीच हवी, कारण पार्व्हो हा संसर्गजन्य रोग झालेलं एक पिल्लू सगळ्या पिल्लांना पुरतं.

कुत्र्यांचं प्रकरण सध्या जास्त नाजूक आहे. केंद्राच्या 2023 च्या नियमांप्रमाणे भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि रेबीजची लस ही स्थानिक संस्थेची, म्हणजे महानगरपालिका-नगरपालिकेची जबाबदारी. ती ते एखाद्या संस्थेला देऊ शकतात, पण त्या संस्थेकडे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची प्रकल्प मान्यता हवी. शस्त्रक्रिया झाली की कानाला खूण करून कुत्रं उचललं तिथेच सोडायचं, हा मूळ नियम. सर्वोच्च न्यायालयाने 7 नोव्हेंबर 2025 च्या आदेशात शाळा, रुग्णालयं, क्रीडासंकुलं, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं यांना त्यातून वगळलं: तिथली कुत्री उचलायची, पण परत तिथे सोडायची नाहीत. मग ती ठेवायची कुठे? पालिकेचा माणूस उद्या तुमच्याच संस्थेच्या दारात येणार आहे, हातात कंत्राटाचा मसुदा घेऊन. आकडा मोठा दिसतो, सचिवाचे डोळे चमकतात. अशा वेळी तुम्ही विचारायचं: बिल किती महिन्यांनी निघतं? तोवर पगार कशातून? डॉक्टर पशुवैद्यक परिषदेत नोंदलेला पदवीधर आहे ना, की कंपाउंडरच चाकू चालवतोय? काम करणाऱ्यांनी रेबीजची आगाऊ लस घेतली आहे का? शेवटच्या प्रश्नावर खोलीत शांतता पसरली तर कंत्राट राहू दे, आधी लसी द्या.

जनावर आत न आणताही पुष्कळ करता येतं, आणि माझ्या मते आपल्या भागात तेच जास्त करायला हवं. चिंचलीच्या मायाक्का देवीच्या जत्रेला कोल्हापूर-सांगलीकडून बैलगाड्या येतात. वाटेवर पाण्याची सोय आणि एक पशुवैद्यक बसवला तर किती बैलांचं भलं होतं! ऊस वाहणाऱ्या गाड्यांचंही तेच. केंद्राच्या 1965 च्या नियमांत लिहिलंय की जुंपलेलं जनावर दिवसाला नऊ तासांहून जास्त राबवायचं नाही, आणि पारा 37 अंशांवर गेला असेल तर दुपारी 12 ते 3 जुंपायचं नाही. गाडीवानाला हे कुणी सांगितलेलं नसतं. कारखान्याच्या आवारात सावली आणि हौद मिळाला तर तोही गाडी सोडायला तयार असतो. अशा कामाला गोठा वाढवावा लागत नाही.

आता कागद. संस्था ट्रस्ट आहे की सोसायटी, हे आधी विचारा. बऱ्याच कार्यकर्त्यांना स्वतःलाच माहीत नसतं. सोसायटी असेल तर ती 1960 च्या कर्नाटक कायद्याखाली नोंदलेली असते, दरवर्षी सर्वसाधारण सभा घेऊन कार्यकारिणीची यादी आणि ताळेबंद निबंधकाकडे द्यावा लागतो. गेल्या काही वर्षांच्या पोचपावत्या पाहा. ट्रस्ट असेल तर उपनिबंधकाकडे नोंदलेलं डीड असतं. कोल्हापूरकडे धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय प्रत्येक बदलाची नोंद घेतं, हिशेब मागतं. आपल्याकडे ट्रस्टवर तशी रोजची नजर नाही. यामुळे काहीजण खूश असतात. मला उलट वाटतं: बाहेरून विचारणारं कुणी नाही म्हणून आतल्या विश्वस्ताने दुप्पट विचारायला हवं. डीड पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचा. विश्वस्त तहहयात आहेत का, नवा कोण नेमतो, पैसे काढायला किती सह्या लागतात, संस्था बंद पडली तर मालमत्ता कुणाकडे जाते. जमिनीचा उतारा मागा. 'जागा पाटलांनी दिली आहे' असं सगळे सांगतात आणि उताऱ्यावर अजून पाटलांचंच नाव असतं. पाटील गेले की मुलं येतात.

सरकारी नोटिसा कन्नडमध्ये येतात, बैठकीचं इतिवृत्त मराठीत असतं, आयकराचं सगळं इंग्रजीत. सीमाप्रश्नावर तुमचं-माझं मत काय ते सर्वांना ठाऊक आहे, ते गोठ्याबाहेर ठेवू. मुदत असलेली नोटीस वाचता न आल्यामुळे टेबलावर पडून राहणं कुणाच्याच हिताचं नाही. विश्वस्तांत सरकारी कन्नड सफाईने वाचणारा एक तरी हवा. नसेल तर तो आधी शोधायला सांगा.

पैशाच्या बाबतीत घाबरू नका, पण ढिलाईही नको. तुम्ही शिक्षिका होतात, म्हणून सोपं जाईल: पटावरची संख्या आणि वर्गातली हजेरी जुळते का, एवढंच बघायचं आहे. जनावरांच्या आवक-जावक वहीतला आकडा, त्या महिन्याचं चाऱ्याचं बिल आणि गोठ्यात डोळ्यांनी मोजलेली जनावरं, हे तिन्ही शेजारी ठेवा. वहीत 62, बिल 90 जनावरांना पुरेल एवढं, आणि दावणीला 48, असं निघालं तर ऑडिटरची वाट पाहू नका, त्याच बैठकीत विचारा.

12ए आणि 80जी ही आयकराची नावं कानावर पडतील. 1 एप्रिल 2026 पासून 2025 चा नवा आयकर कायदा आला, कलमांचे आकडे बदलले, पण लोक जुन्याच आकड्यांनी बोलतात. पहिल्या नोंदणीमुळे संस्थेचं उत्पन्न करमुक्त राहतं, दुसऱ्यामुळे देणगीदाराला सवलत मिळते. दोन्हींना मुदत असते. 2025 च्या बदलांनंतर लहान संस्थांना पहिली नोंदणी दहा वर्षांची मिळू लागली, 80जी मात्र पाच वर्षांचीच. दोन्ही दहाच्याच समजून गाफील राहू नका. पहिली नोंदणी वेळेत नवी केली नाही तर साऱ्या मालमत्तेच्या बाजारभावातून देणी वजा करून उरलेल्या रकमेवर सर्वोच्च दराने कर लागू शकतो, आणि तो थकला तर वसुली विश्वस्तांपर्यंत पोचू शकते. बाकी छोट्या-छोट्या गोष्टी: रोख देणगी 2,000 रुपयांच्या वर गेली की देणगीदाराला सवलत नाही. देणग्यांचं वार्षिक विवरण उशिरा भरलं तर दिवसाला 200 रुपये. प्राणी कल्याण सहसा 'सर्वसाधारण लोकोपयोगी' सदरात धरतात, तिथे फी किंवा विक्रीच्या धंदेवाईक उत्पन्नाला एकूण जमेच्या 20 टक्क्यांची मर्यादा आहे. गोव्याला फिरायला जाणाऱ्यांची कुत्री पैसे घेऊन सांभाळायची कल्पना कुणी काढली तर हा आकडा समोर ठेवा.

परदेशातल्या देणगीबद्दल इथे फार गैरसमज आहे. अमेरिकेतल्या भाच्याकडे भारतीय पासपोर्ट असेल तर त्याचे पैसे परकीय देणगीत धरत नाहीत. त्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर मात्र धरतात, मग तो मूळचा खानापूरचा का असेना. एफसीआरए, म्हणजे परकीय देणगीच्या कायद्याखालची नोंदणी, आणि दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेतलं खातं नसताना असे पैसे घेणं गुन्हा आहे. भाच्याला आधी पासपोर्ट विचारा, मग आभार माना.

कोऱ्या चेकवर सही करायची नाही. 'बाई, तुम्ही निपाणीला, दरवेळी कसं यायचं' असं म्हणून चेकबुक पुढे सरकवलं जाईल, नाही म्हणा. विश्वस्ताच्या मेहुण्याकडून चारा घ्यायला कायद्याची बंदी नाही, पण भाव बाजाराएवढाच हवा, दोन-तीन ठिकाणचे दर कागदावर हवेत, आणि तो ठराव होताना ते विश्वस्त बाहेर जाऊन बसलेले हवेत. संस्थेचे पैसे विश्वस्ताला हातउसने देणं तर अजिबात नको.

एक विषय सगळे टाळतात: बरं न होणाऱ्या जनावराला मरण द्यायचं का? कायदा त्याला वाट देतो, निर्णय पशुवैद्यकाच्या लेखी मताने व्हायला हवा. गोशाळेत गाईबद्दल हे बोलायचं म्हटलं की श्रद्धा आडवी येते, आणि मी ती हसण्यावारी नेत नाही. पण कंबर मोडलेल्या कुत्र्याला 'देव नेईल तेव्हा नेईल' म्हणून कोपऱ्यात ठेवणं मला मान्य नाही. संस्थेचं धोरण काय आहे ते विचारा. तुमच्या मनाला पटत नसेल तर तिथे जाऊ नका.

अंगाशी येईल का, याचं उत्तर: प्रामाणिकपणे, विचार करून घेतलेला निर्णय चुकला म्हणून कुणी विश्वस्ताला तुरुंगात टाकत नाही. पैशाचा अपहार झाला आणि तुमची सही असेल, किंवा कळूनही गप्प बसलात, तर मात्र सुटका नाही. सार्वजनिक ट्रस्टबाबत हितसंबंध असलेल्या दोन व्यक्ती न्यायालयाची परवानगी घेऊन दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 92 खाली दावा लावू शकतात, विश्वस्ताला काढायची मागणी करू शकतात. बैठकीला गेलेच नव्हते, हा बचाव होत नाही. एखाद्या ठरावाला तुमचा विरोध असेल तर बाहेर येऊन नाराजी सांगण्यापेक्षा 'माझी असहमती नोंदवा' म्हणा आणि इतिवृत्तात ती लिहिली गेली का ते पाहूनच सही करा.

तर त्यांना सांगा: डीड किंवा घटना, तीन वर्षांचे ऑडिट केलेले ताळेबंद, जमिनीचा उतारा, आयकर नोंदणीची पत्रं, जनावरांची वही आणि शेवटच्या काही बैठकांची इतिवृत्तं वाचायला द्या, मग उत्तर देते. आणि न सांगता एखाद्या आडवारी दुपारी गोठ्यावर जा. पाण्याचे हौद आणि खुरं बघा, पावसाळा असेल तर पायाखालची जमीन बघा. दप्तर मागितल्यावर 'एवढा अविश्वास?' असं कुणी म्हणालं तर तुमचं उत्तर तिथेच मिळालं. दिलं, आणि समाधान झालं, तर जरूर जा. त्यांना तुमच्यासारख्या माणसाची फार गरज आहे. पहिल्या नेमणुकीची मुदत तीन वर्षांची ठेवून घ्या. सोडायची वेळ आली तर राजीनामा लेखी द्या, पोचपावती घ्या, तो स्वीकारल्याच्या ठरावाची प्रत मागा, आणि बँकेतून व आयकराच्या पोर्टलवरून तुमचं नाव खरोखर निघालं का ते स्वतः तपासा, कारण ते काढायचं राहून जातं.